कोणाला कळणार आहे?

गेल्या महिन्यात आमची एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. दहावीला आमच्या वर्गात होती, आता छत्तीस वर्षांची आहे. लग्नाला तेरा वर्षे झाली, मूल नाही. नवरा कुवेतला, वर्षातून एकदा चाळीस दिवसांच्या सुट्टीवर येतो. चहा संपेपर्यंत ती इकडचे तिकडचे बोलत राहिली. मग पिशवीतून फाईल काढून म्हणाली, "बाजी, एवढं वाचून सांगा. सगळं इंग्रजीत आहे, आणि हे आले की लगेच सही करायचीय."

कागद संमतीपत्राचे होते. तिच्या शरीरात स्त्रीबीजे फार कमी उरली आहेत, म्हणून दुसऱ्या स्त्रीचे बीज घ्यावे, ते तिच्या नवऱ्याच्या शुक्राणूंशी जुळवावे आणि तयार झालेला गर्भ तिच्या पोटात ठेवावा, असा सल्ला होता. तिला धीर देताना तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, "वाढणार तुमच्याच पोटात. कोणाला कळणार आहे?"

आम्ही आलिमा नाही आणि डॉक्टरही नाही. मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो. पण असे कागद घेऊन आलेली ही पहिली मुलगी नव्हे, म्हणून या वेळी उलमांना विचारले, कायदाही वाचला.

आपल्या देशात हा प्रकार कायदेशीर आहे. २०२१ च्या कायद्यानुसार बीज देणारी स्त्री २३ ते ३५ वर्षांची असावी लागते, ती आयुष्यात एकदाच बीज देऊ शकते आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजे काढता येत नाहीत. बीजांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. तिचा मुलावर कसलाही हक्क राहत नाही. कायद्याच्या नजरेत मूल त्या जोडप्याचेच. पण कायद्याने परवानगी दिली म्हणजे शरीअतचा प्रश्न सुटला, असे होत नाही.

टेस्ट ट्यूब बेबीलाच इस्लामचा विरोध आहे, असे आपल्याकडे अजून अनेकांना वाटते. तसे नाही. इजिप्तचे त्या वेळचे मुफ्ती शेख जाद अल-हक यांनी १९८० सालीच फतवा दिला होता की बीज पत्नीचे, शुक्राणू पतीचे आणि गर्भाशय त्याच पत्नीचे असेल तर हरकत नाही. १९८६ मध्ये अम्मान येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीनेही गरज असेल तर हीच वाट मोकळी ठेवली आणि तिसऱ्या व्यक्तीचे बीज, शुक्राणू किंवा गर्भाशय आणणारे सगळे प्रकार हराम ठरवले. शिया उलमांत मतभेद आहेत. इराणमध्ये आयतुल्लाह खामेनी यांनी १९९९ साली दात्याच्या बीजाला काही अटींवर मुभा दिली आणि २००३ मध्ये तिथे भ्रूणदानाचा कायदाही झाला. आमची विद्यार्थिनी सुन्नी, कोकणातली, शाफई. तिच्यापुरते उत्तर स्पष्ट होते, आणि ते तिला सांगताना आमची जीभ जड झाली, हे खोटे कशाला बोलावे?

तिच्या सासूबाई मात्र या उपायाला एका पायावर तयार होत्या. "मूल तर आमच्या मुलाच्याच रक्ताचं होणार ना!" आम्ही त्यांना फोनवर विचारले, "खाला, उद्या दोष तुमच्या मुलात निघाला असता आणि डॉक्टरांनी दुसऱ्या पुरुषाचे शुक्राणू सुचवले असते तर?" त्यांनी "तौबा, तौबा" केले आणि फोन सुनेच्या हातात दिला. नसब फक्त बापाच्या बाजूचे जपायचे, आईचे कसेही चालेल, हा नियम शरीअतने केलेला नाही. तो आपल्या घरांनी केला आहे. आणि ज्याच्या शुक्राणूंची इतकी खात्री होती, त्या नवऱ्याची तपासणी तेरा वर्षांत एकदाच झाली होती, तीही सात वर्षांपूर्वी!

'कोणाला कळणार आहे?' हे वाक्य आम्हाला सर्वांत जास्त खटकले. शाळेतल्या ओळखपत्रावर मुलाचा रक्तगट छापलेला असतो. आनुवंशिकतेचा धडा आला की मुले घरी जाऊन आई-अब्बूंचे रक्तगट विचारतात. आईचा ओ आणि मुलाचा एबी, असे सहसा होतच नाही. चौदा-पंधरा वर्षांचे पोर हे गणित वहीच्या मागच्या पानावर सोडवते आणि मग कोणाला काही न विचारता गप्प होते. हजरत जैद (रजि.) यांना लोक प्रेषितांचे पुत्र म्हणून हाक मारत. सूरह अहजाबमधला आदेश आल्यावर ते पुन्हा जैद बिन हारिसा झाले. प्रेषितांचे (स.) त्यांच्यावरचे प्रेम त्यामुळे तिळभरही कमी झाले नाही. नसब ही घराण्याच्या इभ्रतीची गोष्ट असण्याआधी त्या मुलाचा हक्क आहे, असे आम्हाला वाटते.

पण 'हराम आहे' एवढे सांगून उठून जाणाऱ्यांचाही आम्हाला राग येतो. बारशाला, अकीक्याला हिला पुढे येऊ देत नाहीत. दुसऱ्या लग्नाची गोष्ट तिच्यासमोर काढतात. तीच माणसे फतवा सांगायला सर्वांत पुढे! हजरत आयशा (रजि.) यांना मूल नव्हते. प्रेषितांनी (स.) त्यांना बहिणीच्या मुलावरून 'उम्मे अब्दुल्लाह' ही कुनियत दिली. आपल्या मोहल्ल्यात मूल नसलेल्या बाईला काय म्हणतात, ते इथे लिहवत नाही. आणि ज्यांच्या घरात असे मूल आधीच जन्मले आहे, त्यांच्याकडे बोट दाखवू नका. त्या लेकराचा यात काहीही गुन्हा नाही.

आम्ही दोघींनी मिळून ते कागद पुन्हा वाचले. एका पानावर, उरलेले भ्रूण दुसऱ्या जोडप्याला देण्यास संमती, असाही रकाना होता. त्याबद्दल तिला कोणी बोललेच नव्हते! देणेही घेण्याइतकेच नाजायज, हे तिला माहीत नव्हते. कायद्याने सर्व माहिती देऊन लेखी संमती घेणे बंधनकारक आहे. तेव्हा 'फक्त आमच्या दोघांचेच बीज आणि शुक्राणू वापरावेत, बाकी काही नाही' असे लिहून मागायला लाजू नये. बीजे कमी आहेत म्हणजे संपली आहेत असे नव्हे. स्वतःच्या बीजावर एक प्रयत्न करून बघता येईल का, हे तिने दुसऱ्या डॉक्टरांना विचारायचे ठरवले. यश येईल असे वचन कोणीच देऊ शकत नाही, हेही तिला सांगितले.

तेही नाही जमले तर? हा प्रश्न तिनेच विचारला. आम्ही कफालतबद्दल बोललो. यतीम मुलाला घरी आणावे, त्याच्या बापाचे नाव त्याच्यापाशी राहू द्यावे. वारसा मिळत नाही, पण हयातीत हिबा करता येतो, एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते. पडद्याची अडचण असते म्हणून लोक कचरतात, पण दुधाचे नाते कशासाठी आहे? दोन वर्षांच्या आतल्या मुलाला हिच्या सख्ख्या बहिणीने पाजले तर ही त्याची खाला होते, पडदा उरत नाही. मुलगी असेल तर नवऱ्याच्या बहिणीने पाजावे. शाफई मजहबात पाच वेळा पाजणे लागते, हनफीत एकदाही पुरते.

ती बोटांवर मोजू लागली. धाकट्या बहिणीला सहावा महिना सुरू आहे, म्हणाली. मग स्वतःशीच हसली, बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखी.

नवरा शाबानमध्ये येतो आहे. त्याची तपासणी आधी करायची, हे सासूबाईंना कोण सांगणार यावर अजून घरात बोलणे व्हायचे आहे. फाईल ती आमच्याकडेच ठेवून गेली. सहीची जागा कोरी आहे.