रिकाम्या ट्रकचे भाडे कोणाच्या खिशातून?



शेतीशास्त्र शिकून मी एकरी उतारा वाढवायला सांगत फिरलो. तो वाढला, पण पैसा रस्त्यातच मुरला.

लासलगावचा कांदा घेऊन ट्रक दिल्लीला जातो. परतीच्या मालाची खात्री नसली की मालक रिकाम्या फेरीचा खर्च जातानाच्या भाड्यात धरतो. व्यापारी ते भाडे वजा करूनच कांद्याला बोली लावतो. भरतो कोण? तुम्ही-आम्ही!

यावर तोड आहे. एकेका फेरीचा दर न मागता जाण्यायेण्याच्या फेऱ्यांची जुडी करून बोली मागवा. मिळाली तर अख्खी जुडी, नाहीतर एकही फेरी गळ्यात नाही. ट्रकमालकांनीही आपापसांत हेच करावे. न परवडणारी फेरी लिलावात मांडावी. ज्याच्या वाटेत बसते त्याने उचलावी. अमेरिकेत सिअर्स कंपनीने १९९३ मध्ये अशा जुडीच्या बोलीने वाहतूक खर्च १३ टक्के उतरवला. तो काही धर्मादाय दवाखाना नव्हता!

आमच्या मालाचा लिलाव उघड्यावर, भाड्याचा दर मात्र बंद खोलीत का? आणि सावध राहा. मालकांनी फेऱ्या वाटून घेतल्या आणि भाडे तेच ठेवले, तर तो सहकार नव्हे, संगनमत. म्हणून बोली उघडी हवी आणि वाचलेल्या पैशाच्या वाटणीला शेतकरी समोर बसलेला हवा.