फ्लायव्हीलचं फेसिंग 'हवं तर करू' नसतं

गॅरेज टाकताय ना? मग क्लचच्या कोटेशनमध्ये फ्लायव्हीलचं फेसिंग वेगळ्या ओळीत लिहूच नका. कस्टमर पहिली तीच ओळ कापतो. मीही एकदा ऐकलं. फ्लायव्हीलवर तापून निळे डाग पडलेले, तरी नवी क्लच प्लेट तशीच बसवली. चार दिवसांत गाडी परत! पहिल्या गिअरला उचलताना नुसती थरथर. प्लेट सगळीकडे सारखी टेकतच नव्हती. गिअरबॉक्स पुन्हा उतरवला, मजुरी माझ्या खिशातून.

अर्थात, तडे खोल असतील किंवा जाडी कंपनीच्या मर्यादेखाली जाणार असेल, तर फ्लायव्हीलच बदला. ड्युअल मास असेल तर लेथवाल्याकडे नेऊ नका.

आणि कस्टमर नाहीच म्हणाला तर? मी काम सोडतो. शेजारचा घेतो, घेऊ दे.