अवघड डंजन आणि चार अनोळखी माणसं

गेल्या शनिवारी सकाळी साडेनऊला भाच्याचा फोन. वीकेंडला साडेनऊ ही काय फोन करायची वेळ आहे? पण आवाज इतका पडलेला की मला वाटलं, इंटरव्ह्यू गंडला.

"मामा, अकरा सेकंदांनी गेली रे."

"काय गेली? गाडी?"

"गाडी काय! किल्ली!"

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो. पठ्ठ्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळतो. त्यात 2016 सालच्या लीजनपासून मिथिक प्लस नावाचा प्रकार आहे. पाच जणांनी मिळून डंजन संपवायचं आणि वर घड्याळ चालू. किल्लीवर आकडा असतो. तो वाढेल तशी राक्षसांची हेल्थ वाढते, फटकेही वाढतात. वेळेत झालं तर किल्ली वर चढते, नाही झालं तर एक पायरी खाली. तर ह्याची अकरा सेकंदांनी खाली आली होती, कारण ग्रुपमधला कुणी एक जण मधेच उठून गेला. "इतकं कठीण ठेवणं अनफेअर आहे," असं त्याचं म्हणणं.

मी या गेमपायी काही वर्षांची झोप घालवली आहे, त्यामुळे या विषयावर बोलायचा हक्क मला आहे असं मी समजतो. माझं म्हणणं असं, की डंजन सहसा अनफेअर नसतं. आपण ज्यांच्याबरोबर आत जातो, तिथे गडबड असते.

खरंखुरं अनफेअर काय असतं तेही सांगतो. 2006 मध्ये अहन-किराजच्या मंदिरात सी-थून नावाचा एक बॉस होता. तो मरतच नव्हता. जगातले एकापेक्षा एक गिल्ड डोकं आपटून दमले आणि आकडेमोड करून म्हणायला लागले की याचं गणितच जमत नाही. एप्रिलमध्ये कंपनीनं दुरुस्ती केली आणि लगेच तो पडला. म्हणजे चूक कोडमध्ये होती, खेळाडूंची नव्हती. आपल्या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको :)

पण मला सांगायचंय ते 2010 च्या डिसेंबरबद्दल. मी तेव्हा ऑनसाइट, न्यू जर्सीत. बाहेर गुडघाभर बर्फ, घरात कॅटॅक्लिझम नुकतंच आलेलं. त्याआधी रॅथ ऑफ द लिच किंगच्या काळात हिरोइक डंजन म्हणजे सोसायटीच्या बागेतला फेरफटका. टँकनं सगळी गर्दी गोळा करायची, बाकीच्यांनी जाळायची. मी हीलर, त्यामुळे एका हातानं मॅगी खायचो. कॅटॅक्लिझममध्ये एकदम सगळं बदललं. माना पुरेना, एका राक्षसाला मेंढी केल्याशिवाय दुसऱ्याला हात लावता येईना. लोकांनी इतकी बोंब मारली की जानेवारी 2011 मध्ये ग्रेग स्ट्रीट या डिझायनरला (यालाच सगळे घोस्टक्रॉलर म्हणायचे) लेख लिहावा लागला. सूर असा होता की हो, अवघड आहे आणि मुद्दामच आहे, शिका.

मला तो लेख पटला होता. अजूनही पटतो. स्टोनकोअरमधला ओझ्रुक घ्या. तो सगळ्यांना जागच्या जागी गोठवतो आणि मग जवळ असलेल्यांच्या ठिकऱ्या उडवतो. पण त्या वेळी तुम्हाला आधीपासून थोडी इजा होत असेल, तर त्या इजेनं गोठणं तुटतं आणि पळता येतं. म्हणजे हुशार माणूस आधी स्वतःला थोडं जखमी करून घेतो! कसलं सुंदर कोडं आहे. पण गेम हे कुठेही सांगत नाही. मी तीनदा मेलो आणि मग एका साइटवर वाचलं.

त्याच ओझ्रुकसमोर एका रात्री रँडम ग्रुपमध्ये एक पोरगा आला होता. पोरगाच असावा, टायपिंगवरून. चार वेळा पाचही जण मेलो. त्याला कोडं माहीत नव्हतं आणि आम्ही कुणी सांगितलं नाही. मग त्याला काढायचं मतदान लागलं. त्यानं लिहिलं, प्लीज, मी चाळीस मिनिटं रांगेत होतो, अजून एकदा. मी 'यस' दाबलं. दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं.

आता यात अन्याय कुठे झाला बघा. हीलरला तेव्हा रांग जवळपास नसायची. मी बाहेर पडलो असतो तर दोन मिनिटांत दुसरा ग्रुप. तो बाहेर गेला तो पुन्हा पाऊण तास रांगेत. डंजनची तीच काठिण्यपातळी, पण त्याच्यासाठी किंमत वीसपट. आणि 2009 च्या डिसेंबरात डंजन फाइंडर आल्यापासून ही माणसं पुन्हा भेटण्याची शक्यताही संपली होती. अनोळखी माणसाला शिकवायला वेळ कोण घालवणार?

कंपनीनं 2011 च्या फेब्रुवारीत रँडम ग्रुपची ताकद पंधरा टक्क्यांनी वाढवून दिली. पण ओझ्रुकसमोर गोठलेला माणूस पंधरा टक्के जास्त हेल्थ घेऊन मरतो, इतकाच फरक. प्रश्न माणसांचा होता, उत्तर आकड्यात शोधलं. (मॅनेजर लोक शेड्यूल चुकलं की अजून दोन माणसं टाकतात, तसंच.)

"जुना गेम खरा कठीण होता" म्हणणाऱ्यांनाही एक आठवण करून देतो. 2019 मध्ये क्लासिक आलं आणि मोल्टन कोअरमधला रॅग्नारोस आठवड्याच्या आत पडला. माहिती सगळ्यांकडे होती. 2005 मध्ये कठीण काय होतं, तर चाळीस माणसं एका वेळी जमवणं.

2011 च्या पावसाळ्यात मी पुण्याला परत आलो. सर्व्हर तिकडे अमेरिकेत, पिंग तीनशेच्या वर. मी हील करेपर्यंत टँक मेलेला असायचा. याहून अनफेअर काय असणार? पण आमचा टँक, ओहायोतला एक बाप्या, त्यानं माझ्यासाठी हेडफोनवर आकडे मोजायला सुरुवात केली, मोठा फटका यायच्या एक ठोका आधी. "नाऊ" म्हणाला की मी दाबायचं, स्क्रीनकडे बघायचंच नाही. दोन वर्षं आम्ही असं खेळलो. पिंग शेवटपर्यंत तीनशेच होतं.

हे सगळं भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, तुमच्या वेळेस ठीक होतं. आता ग्रुपवाला आधी माझा रेडर आयओचा स्कोअर बघतो. स्कोअर नाही तर घेत नाही, आणि घेतलं नाही तर स्कोअर कसा होणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. फ्रेशरला दोन वर्षांचा अनुभव मागणाऱ्या जाहिराती आठवल्या, एवढंच.

मग विचारलं, ओळखीचे किती जण आहेत? म्हणाला दोन. हॉस्टेलमधले.

एक चौथा तो शोधतोय. पाचवा मी. काल रात्री गेम परत डाउनलोडला लावलाय, बायको बघतेय पण अजून काही बोललेली नाही. रविवारी रात्री दहाला जायचं ठरलंय, हीलर मीच. पहिल्या दोन किल्ल्या माझ्यामुळे जळणार, हे तिघांना आधीच सांगून ठेवलंय.