'मला नाही जमत' म्हणण्यापूर्वी

घरातील ज्येष्ठांच्या तोंडी अलीकडे एक वाक्य वारंवार ऐकू येते : 'मला नाही जमत हो तो मोबाइल.' ज्यांनी तीस-तीस वर्षे शाळेत गणित शिकविले, बँकेच्या खतावण्या बिनचूक मिळविल्या किंवा मोठ्या कुटुंबाचा संसार तोलून धरला, तीच माणसे वीतभर काचेपुढे स्वतःला अडाणी ठरवितात. मग विजेचे बिल नातवाने भरायचे, डॉक्टरांची वेळ सुनेने घ्यायची आणि पैसे पाठवायचे झाल्यास गुप्त क्रमांक शेजाऱ्याच्या कानात सांगायचा, असा क्रम सुरू होतो. यात सोयीचा प्रश्न आहेच. परंतु माणसाचा आत्मविश्वास, त्याच्या पैशांची सुरक्षितता आणि प्रसंगी त्याचे औषधपाणीसुद्धा यात गुंतलेले असते.

'जमत नाही' याची कारणे शांतपणे तपासली, तर त्यांपैकी बरीचशी काचेवर जे रेखाटलेले असते त्यात सापडतात. ॲपचा जो भाग आपल्या डोळ्यांना दिसतो आणि बोटांना लागतो, त्याला 'इंटरफेस' म्हणतात. आपण त्याला 'दर्शनी भाग' म्हणू. अक्षर केवढे असावे, बटण कोठे असावे, सूचना किती वेळ दिसावी, हे सारे कोणीतरी ठरविलेले असते. ठरविणारी व्यक्ती बहुधा तरुण असते, मोठ्या उजळ पडद्यासमोर बसलेली असते आणि तिची दृष्टी व बोटे उत्तम असतात. तिला जे सहज दिसते ते सर्वांनाच दिसेल, असे गृहीत धरले जाते.

हे गृहीतक किती चुकीचे आहे, याचा पडताळा अमेरिकेतील पॅट्रिशिया मूर या वस्तुरचनाकार स्त्रीने स्वतःच्या देहावर घेतला. एका बैठकीत तिने विचारले होते, की संधिवाताने हात आखडलेल्या माणसालाही उघडता येईल असे शीतकपाटाचे दार आपण का करू नये? तशा लोकांसाठी आपण काम करीत नाही, असे तिला सांगण्यात आले. त्यानंतर १९७९ ते १९८२ या काळात, वयाच्या सव्विसाव्या वर्षापासून, ती वारंवार ऐंशीच्या पुढच्या वृद्धेच्या वेषात वावरली. दृष्टी धूसर करणारा चष्मा, कानांत बोळे आणि सांधे आखडतील अशा पट्ट्या लावून तिने अमेरिका व कॅनडातील शंभरांहून अधिक शहरे पालथी घातली. तिची बुद्धी तीच होती. तरीही साध्या साध्या गोष्टी तिला जमेनाशा झाल्या. आपल्या प्रश्नाचे उत्तर या एका अनुभवात सामावले आहे.

डोळा आणि अक्षर

मराठीत वाचनाच्या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतात, इतके हे वय आणि दृष्टी यांचे नाते जुने आहे. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होऊन जवळचे अक्षर पुसट होऊ लागते. पुढे भिंग पिवळसर होते आणि बाहुलीही पूर्वीइतकी विस्फारत नाही. परिणामी साठीच्या माणसाच्या नेत्रपटलावर पोहोचणारा प्रकाश विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांशच उरतो. म्हणून पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे तरुणाला नाजूक व देखणी वाटली, तरी आजोबांच्या लेखी ती जवळजवळ कोरी जागा असते.

यासाठी जगभर मान्य झालेला एक दंडक आहे. वेबची मानके ठरविणाऱ्या 'डब्ल्यूथ्रीसी' या संस्थेच्या सुलभतेच्या नियमांनुसार साध्या आकाराचे अक्षर व त्याची पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे. पांढऱ्यावर काळे अक्षर असेल, तर हे गुणोत्तर २१ : १ भरते. दंडक आहे, तो पाळला जात नाही, ही अडचण आहे.

अक्षराच्या आकाराचेही तसेच. अँड्रॉइड फोनवर ॲप तयार करणारा अक्षराचे माप दोन प्रकारे देऊ शकतो. एका प्रकारात, वापरणाऱ्याने फोनमध्ये अक्षरे मोठी केली की ॲपमधील अक्षरेही मोठी होतात. दुसऱ्या प्रकारात ती जागची हलत नाहीत. काही ॲपमध्ये अक्षरे मोठी होतात खरी, पण 'पुढे जा' हे बटण पडद्याबाहेर ढकलले जाते आणि आजी शून्यात पाहत बसतात. अशा वेळी दोष कोणाचा, हे वाचकांनीच ठरवावे.

बोट आणि बटण

फोनचा पडदा दाबाने चालत नाही. काचेखाली विद्युत्क्षेत्राचा एक अतिसूक्ष्म थर असतो आणि बोटाच्या त्वचेतील ओलावा व क्षार त्या क्षेत्रात बदल घडवितात. तो बदल म्हणजे 'स्पर्श'. वय वाढते तशी त्वचा कोरडी पडते आणि पडद्याला बोट ओळखता येईनासे होते. मग स्वाभाविकपणे माणूस अधिक जोराने आणि अधिक वेळ दाबतो. आयुष्यभर दूरध्वनीची, मिक्सरची, दूरचित्रवाणीच्या रिमोटची बटणे दाबून चालविलेला हात आणखी काय करणार? परंतु फोनच्या भाषेत लांबलेला स्पर्श म्हणजे वेगळीच आज्ञा असते. ॲप उघडण्याऐवजी त्याचे चिन्ह थरथरू लागते, नको तो फलक पुढे येतो आणि 'मी काहीतरी बिघडवले' अशी भीती मनात बसते. हात कापत असेल, तर एका स्पर्शाचे दोन होतात.

बटणाच्या आकाराविषयीही कंपन्यांची स्वतःचीच मार्गदर्शक तत्त्वे आहेत. गूगलच्या सूचनेनुसार स्पर्शाची जागा प्रत्यक्षात सुमारे ९ मिलिमीटर रुंद व तितकीच उंच असावी. ॲपलनेही असेच किमान माप सांगितले आहे. तरीही जाहिरात बंद करण्याची फुली मोहरीएवढी आढळते. ती का लहान ठेवली असावी, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

रचना बदलली की 'न जमणारे' कसे जमते, याचे उदाहरण निवृत्तिवेतनधारकांच्या परिचयाचे आहे. हयातीचा दाखला घरबसल्या देण्यासाठी 'जीवन प्रमाण' ही सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. परंतु कष्टाने व वयाने झिजलेले बोटांचे ठसे यंत्राला उमटेनात. नोव्हेंबर २०२१ पासून फोनच्या कॅमेऱ्याने चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय झाली, तेव्हा अनेकांचा हा अडथळा दूर झाला. माणूस तोच होता, बोटेही तीच होती; बदलली ती केवळ पद्धत.

स्मरण आणि वेळ

वयाबरोबर नवी गोष्ट क्षणभर मनात धरून ठेवण्याचा वेग मंदावतो. वर्षानुवर्षांची सवय मात्र टिकून राहते. फोन नेमका याच्या उलट वागतो. संदेशातून आलेला सहा आकडी क्रमांक लक्षात ठेवून दुसऱ्या ठिकाणी लिहायचा, तोही घड्याळ उलटे धावत असताना. सूचना दोन-तीन सेकंद झळकून नाहीशी होते. तीन टिंबे किंवा तीन आडव्या रेघा यांच्यामागे काय दडले आहे, ते कोठेही लिहिलेले नसते. आणि महत्प्रयासाने एक वाट पाठ करावी, तर ॲपची नवी आवृत्ती येऊन बटणाची जागाच बदलते.

पडदा नीट न वाचता येणे महागातही पडते. 'पैसे मिळतील' असे फोनवर सांगून समोरचा माणूस पैसे देण्याचे बटण दाबायला लावतो आणि बारीक अक्षरांमुळे फरक ध्यानात येत नाही. म्हणून एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी : यूपीआयमध्ये पैसे स्वीकारण्यासाठी गुप्त क्रमांक कधीही द्यावा लागत नाही. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

घरच्या घरी काय करावे?

एखाद्या निवांत दुपारी ज्येष्ठांच्या शेजारी बसून पुढील गोष्टी कराव्यात. फोनच्या प्रकारानुसार नावे थोडी निराळी असतील. परंतु बहुतेक सोयी 'सेटिंग्ज'मधील 'ॲक्सेसिबिलिटी' या भागात सापडतील.

१. अक्षरे मोठी व ठळक करावीत. चिन्हांचा आकारही वाढवावा. त्यानंतर रोज लागणारी ॲप उघडून सर्व बटणे दिसतात ना, हे पाहावे. एखादे दिसत नसल्यास आकार एक पायरी कमी करावा.

२. पांढऱ्या पडद्याची तिरीप सोसत नसेल, तर काळी पार्श्वभूमी लावून पाहावी. काहींना ती सुखावते, काहींना तीवर अक्षरे पसरल्यासारखी दिसतात. ज्याला जे मानवेल ते ठेवावे.

३. लांब स्पर्श मानला जाण्यापूर्वीचा अवधी वाढवावा. ही सोय अँड्रॉइडवर आणि आयफोनवर दोन्हीकडे आहे. हात कापत असल्यास आयफोनवर लागोपाठचा दुसरा स्पर्श दुर्लक्षिण्याची सोयही आहे. अनेक अँड्रॉइड फोनवर सूचना अधिक वेळ दिसत राहाव्यात अशी निवड करता येते.

४. सॅमसंगच्या अनेक फोनवर 'ईझी मोड' आणि २०२३ नंतरच्या आयफोन प्रणालीत 'असिस्टिव्ह ॲक्सेस' आहे. दोन्हींत पडद्यावर मोजकी, मोठी चिन्हे राहतात.

५. बोट फार कोरडे असेल, तर हातांना किंचित मलम चोळून मग फोन घ्यावा. नखाने नव्हे, बोटाच्या मांसल टोकाने हलकेच टेकवावे. पडद्यावरील संरक्षक काच जाड असेल, तर बदलावी.

६. टंकलेखन अवघड जात असेल, तर कळफलकावरील माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोलावे. शब्द आपोआप उमटतात.

७. रोजच्या एकाच कामाच्या पायऱ्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहाव्यात. ते काम हातवळणी पडल्यावरच दुसरे घ्यावे. गुप्त क्रमांक मात्र त्या वहीत लिहू नये.

काळजी घेणाऱ्यांना एक विनंती. 'आणा इकडे, मी करतो' असे म्हणून फोन हातातून काढून घेण्याचा मोह टाळावा. आपण शब्दांनी वाट दाखवावी. बोट त्यांचेच चालू द्यावे. दहा मिनिटे अधिक लागतील, पण पुढच्या महिन्यात तीच दहा मिनिटे आणि त्यांचा स्वाभिमान, दोन्ही परत मिळतील.

दुखण्याकडे दुर्लक्ष नको

सगळा दोष पडद्यावर टाकून स्वस्थ बसणेही योग्य नाही. अक्षरे मोठी करूनही धूसर दिसत असतील, तर मोतीबिंदू तपासून घ्यावा. सरळ ओळी वाकड्या दिसू लागल्यास नेत्रतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नये. मधुमेहींनी नेत्रपटलाची तपासणी दरवर्षी करावी. फोनवरील नेहमीचे काम हळूहळू विसरले जात असेल आणि त्याचबरोबर स्वयंपाक, हिशेब, ओळखीचे रस्ते यांतही गोंधळ होत असेल, तर डॉक्टरांना सांगावे. आणि बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे किंवा एका हातातील बळ जाणे असे काही अचानक घडले, तर तो पक्षाघात असू शकतो. क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

मागणे मागावे

सोयीची रचना ही कोणाची मेहेरबानी नव्हे. आपल्या देशात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आणि संगणकीय सेवा सर्वांना वापरता याव्यात यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे 'आयएस १७८०२' हे मानकही आहे. ॲसिड हल्ल्यातून बचावलेल्या व दृष्टिबाधित व्यक्तींना कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावून ओळख पटविणे अशक्य होते, या तक्रारीवर निर्णय देताना ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. वयोमानाने दृष्टी मंदावलेल्यांची अडचणही याच जातीची आहे.

तेव्हा एखाद्या बँकेचे वा रुग्णालयाचे ॲप वाचता येत नसेल, तर त्यांना तसे स्पष्ट कळवावे. 'ॲप चांगले नाही' एवढेच लिहू नये. 'अक्षरे मोठी केली असता पैसे भरण्याचे बटण दिसत नाही', 'सूचना वाचून होण्याआधी नाहीशी होते', अशी नेमकी तक्रार द्यावी. पडदा घडविणाऱ्याला दुरुस्ती कोठे करायची, हे त्यातून कळते. एका आजींनी लिहिलेल्या अशा चार ओळींमुळे एखादे बटण मोठे झाले, तर त्याचा उपयोग उन्हात उभ्या असलेल्या, चष्मा घरी विसरलेल्या किंवा कडेवर मूल असलेल्या प्रत्येकाला होईल. आणि आज ते ॲप घडविणारे तरुण हातही एक दिवस सत्तरीचे होणारच आहेत.