‘बाजाराने कौल दिला’ ही थाप : स्वस्त फोन आणि गाडल्या गेलेल्या प्रणाली

विंडोज फोन, फायरफॉक्स ओएस, टायझन, कायओएस ही नावे निघाली की एक ठरावीक वाक्य ऐकू येते : ‘माल वाईट होता, बाजाराने कौल दिला.’ त्याला जोडून थोडा उपहासही असतो, की हे फोन घेणारे एक तर कंजूष होते किंवा अजाण. इतिहास म्हणून हे वाक्य टिकत नाही. त्यासाठीच हा #थ्रेड.

आरंभ २०१३पासून. नोकियाचा लुमिया ५२० भारतात दहा हजारांच्या आसपास मिळे. रॅम अवघी ५१२ एमबी. त्या किमतीचे अँड्रॉइड फोन त्या काळी पावलोपावली अडखळत; हा मात्र सुरळीत चाले. विंडोज फोनांमध्ये सर्वाधिक खपला तो हाच. ज्याने तो घेतला, त्याने पै न् पै वसूल केली होती. त्याला मिळाले नाही ते यूट्यूबचे धड ॲप.

ही कथा मुळातून पाहण्याजोगी आहे. मे २०१३मध्ये मायक्रोसॉफ्टने ते ॲप स्वतःच तयार केले. त्यात जाहिराती दिसत नसत आणि व्हिडिओ उतरवून घेता येत. गूगलने आक्षेप घेतला, आणि तो रास्तच होता. ऑगस्टमध्ये जाहिराती दाखवणारी सुधारित आवृत्ती आली. गूगलने तीही रोखली. मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्यानुसार ॲप एचटीएमएल५मध्येच बांधावे, अशी गूगलची अट होती. अँड्रॉइड आणि आयफोनवरील यूट्यूब ॲपना मात्र ती अट लागू नव्हती. येथे कौल कोणी दिला? ग्राहकाने?

मायक्रोसॉफ्टसाठी कोणी अश्रू ढाळू नयेत. नव्वदच्या दशकात विंडोजसोबत आपला ब्राउझर गळ्यात बांधून तिने नेटस्केपला हेच दिवस दाखवले होते. अमेरिकी सरकारचा १९९८चा खटला त्यातूनच उभा राहिला. शिवाय विंडोज फोन ७ घेणाऱ्यांना ८ची आवृत्ती दिली नाही ती तिनेच, आणि लुमिया ५२०ला विंडोज १० मोबाइलपासून वंचित ठेवले तेही तिनेच. गिऱ्हाइकाला वाऱ्यावर सोडण्यात कोणी कोणाला हार गेले नाही.

योगायोग असा, की त्याच नेटस्केपने १९९८मध्ये खुल्या केलेल्या संहितेतून मोझिला जन्मली, आणि तिने फायरफॉक्स ओएस आणली. ऑगस्ट २०१४मध्ये इंटेक्सचा क्लाउड एफएक्स भारतात १,९९९ रुपयांना आला. १२८ एमबी रॅम, केवळ २जी. फोन दुबळा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याला मुख्य दोष चिकटला तो वेगळाच : अधिकृत व्हॉट्सॲप नव्हते. भारतात तेव्हा व्हॉट्सॲप नसलेला फोन म्हणजे अर्धा फोन. डिसेंबर २०१५मध्ये मोझिलाने दूरसंचार कंपन्यांमार्फत फायरफॉक्स ओएसचे फोन देणे थांबवत असल्याचे जाहीर केले.

‘ते तंत्रच अपुरे होते’ असे म्हणणाऱ्यांनी पुढचे पान उलटावे. फायरफॉक्स ओएसच्या खुल्या संहितेवरच कायओएस उभी राहिली, आणि २०१७मध्ये १,५०० रुपयांच्या परताव्यायोग्य अनामतीवर जिओफोन आला. २०१८मध्ये त्याच कुळातील प्रणालीवर व्हॉट्सॲप आले आणि यूट्यूबही आले. त्याच वर्षी खुद्द गूगलने कायओएसमध्ये २ कोटी २० लाख डॉलर गुंतवले. तंत्र अपुरे असते तर हे घडलेच नसते. पाठीशी एक धनाढ्य कंपनी आणि कोट्यवधी ग्राहक उभे राहताच बंद दार उघडले, इतकेच. (ती कंपनीही काही धर्मादाय नव्हती, जिओफोनमध्ये जिओखेरीज दुसरे सिम चालत नसे.)

यावर प्रतिवाद ठरलेला आहे : ग्राहक असतील तेथेच ॲप जातात, यात कपट कसले? मान्य. पण मग त्याला गुणवत्तेचा कौल म्हणू नये. ॲप नाहीत म्हणून ग्राहक नाही आणि ग्राहक नाही म्हणून ॲप नाहीत, या चक्रात पहिला हिसका कोण देऊ शकतो, एवढाच प्रश्न उरतो.

आणि कपट अगदीच नव्हते, असेही नाही. अँड्रॉइडच्या खुल्या पायावर वेगळी प्रणाली उभारणे हा या चक्रातून सुटण्याचा सर्वांत सोपा मार्ग होता. गूगलचे करार नेमके तेच अडवत. सप्टेंबर २०१२मध्ये एसर अलीबाबाच्या अलियुन प्रणालीवरचा फोन सादर करणार होती. तो कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला. गूगलने एसरला सहकार्य तोडण्याची धमकी दिली, असे अलीबाबाने सांगितले. अलियुन म्हणजे विसंगत अँड्रॉइड आहे, असे गूगलचे उत्तर होते. दहा वर्षांनी, २० ऑक्टोबर २०२२ रोजी, भारतीय स्पर्धा आयोगाने अशा करारांवर बोट ठेवून गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. तोवर लढायला प्रतिस्पर्धी उरले नव्हते.

या साऱ्याची किंमत कोणी मोजली? मायक्रोसॉफ्ट आजही श्रीमंत आहे. जिओ २०२१मध्ये अँड्रॉइडवर आधारित जिओफोन नेक्स्टकडे वळली. २०२४मध्ये व्हॉट्सॲपने कायओएसवर नवे वापरकर्ते घेणे बंद केले.

मध्यंतरी, ऑगस्ट २०२१पासून, महाराष्ट्र शासनाने ई-पीक पाहणी राज्यभर सुरू केली. सातबाऱ्यावरील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइल ॲपवरून करावयाची होती. जिओफोनसाठी ते ॲप नव्हते. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याने दुसऱ्याच्या फोनवरून नोंद करावी, अशी सोय ठेवली गेली. आणि खिशात चालू स्थितीतला, इंटरनेट असलेला फोन घेऊन शेतकरी शेजाऱ्याच्या दारात उभा राहिला.