निकाल आधी, सामना नंतर!

मित्रांनो, एक साधा प्रश्न विचारतो. मॅच संपून तास झालेला असतो, मेसमधली भाजी संपलेली असते, उद्याचं सबमिशन डोक्यावर असतं आणि तरीही आपण "याला आता संघातून काढाच" हे वाक्य दहाव्यांदा ऐकत बसलेलो असतो. कशासाठी? टीव्हीवर सहा चौकोनांत सहा माणसं, खाली लाल पट्टी, मधोमध निवेदक, आणि सगळे एकाच वेळी बोलतायत! अर्ध्या तासानं चॅनल बदललं की स्वतःला विचारून बघा, त्या खेळाबद्दल आपल्याला नवीन काय कळलं? माझं उत्तर बहुतेक वेळा 'काहीच नाही' असं येतं.

आधीच सांगतो, खेळाडूंवर आणि नटनट्यांवर टीका होऊच नये असं माझं म्हणणं नाही. आपल्या तिकिटांवर ते मोठे होतात, जाहिरातींतून कोट्यवधी कमावतात, मग चार शब्द ऐकायचीही तयारी हवी. माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. व्हायवाला एक्स्टर्नलनं आधी मार्क लिहून टाकले आणि नंतर प्रश्न विचारायला घेतले, तर आपण सगळे एचओडींच्या केबिनबाहेर रांग लावू. टीव्हीवर मात्र हे रोज रात्री चालतं. आधी निकाल, आणि वेळ उरलाच तर सामना!

उदाहरण थेट सचिनचंच घेऊ. मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत वानखेडेवर तो १ धाव काढून बाद झाला आणि त्याच्याच मुंबईतल्या काही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याच वर्षी 'एंडुलकर' हा शब्द निघाला. तेव्हा त्याचं वय ३२. आदल्या वर्षी कोपराचं ऑपरेशन झालेलं, आणि वानखेडेच्या त्या कसोटीनंतर लगेच खांद्याचं झालं. म्हणजे गडी दुखऱ्या खांद्यानं खेळत होता आणि चर्चा चालली होती 'संपला की नाही' याची. पुढे काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या ५१ कसोटी शतकांपैकी १६ त्यानंतरची. २०१० मध्ये ग्वाल्हेरला एकदिवसीय सामन्यात नाबाद २००. २०११ मध्ये वर्ल्ड कप. 'एंडुलकर' म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी नंतर कॅमेऱ्यासमोर येऊन "आमचं चुकलं" असं सांगितलं? आपल्याला जर्नलमध्ये एक रीडिंग चुकलं तर अख्खं पान पुन्हा लिहावं लागतं हो!

हे जुनं झालं म्हणाल, तर ताजं घ्या. मार्च २०२५ मध्ये दुबईला चॅम्पियन्स ट्रॉफी चालू होती. न्यूझीलंडविरुद्धच्या साखळी सामन्यात रोहित शर्मा १५ धावांवर बाद झाला आणि एका राजकीय पक्षाच्या प्रवक्त्यांनी त्याच्या वजनावर टिप्पणी केली. झालं! पुढचे दोन दिवस चर्चा कशावर? रोहितच्या पोटावर. तो कुठल्या चेंडूवर बाद झाला, दुबईच्या संथ खेळपट्टीवर सलामीवीरानं कसं खेळावं, यावर कुणी बोलेना. आठवड्याभरात, ९ मार्चला, त्याच न्यूझीलंडविरुद्ध फायनलमध्ये त्यानं ७६ धावा केल्या, सामनावीर ठरला आणि कप घेऊन आला. तेव्हा वजनाचं काय झालं? आठवड्यात किती किलो उतरलं? तो प्रश्न मात्र कुणी विचारला नाही.

या गोंगाटानं खेळाडूचं मन दुखतं एवढंच असतं तर मी हा लेख लिहिलाच नसता. खरं नुकसान वेगळं आहे. मार्च २०११ मध्ये सचिनचं ९९ वं आंतरराष्ट्रीय शतक झालं आणि पुढचं वर्षभर देशात एकच विषय होता, महाशतक कधी? त्याच वर्षभरात आपला संघ इंग्लंडमध्ये चारही कसोटी हरला आणि ऑस्ट्रेलियातही चारही हरला. परदेशात ओळीनं आठ कसोटी पराभव! गोलंदाजी का चालली नाही, उसळत्या चेंडूपुढे फलंदाज का कोसळले, आपल्या रणजीच्या खेळपट्ट्या कशा आहेत, हे खरे प्रश्न. ते महाशतकाच्या ढोलात बुडाले. शेवटी १६ मार्च २०१२ ला मिरपूरला शतक झालं, १४७ चेंडूंत ११४, आणि बांगलादेशविरुद्धचा तो सामना आपण हरलो. मग दुसऱ्या दिवसापासून नवा वाद, स्वतःसाठी खेळला की देशासाठी! माणसाच्या नावाभोवती इतका धुरळा उडाला की खेळ दिसेनासा झाला.

असं का होतं? याचं उत्तर साधं, व्यवहाराचं आहे. सामन्याचं चित्रण दाखवायचे हक्क प्रचंड महाग असतात. ज्या वृत्तवाहिनीकडे ते नाहीत तिला काही क्षणांच्या तुकड्यांवर भागवावं लागतं. चेंडू दाखवता येत नाही, म्हणून मग चेंडूवर बोलणारी माणसं दाखवायची. स्टुडिओ आपलाच, पाहुणे बरेचसे घरूनच व्हिडिओ कॉलवर. तासभराचा कार्यक्रम इतका स्वस्तात दुसऱ्या कुठल्या प्रकारे होणार? आणि शांतपणे समजावून सांगणाऱ्यापेक्षा भांडणाऱ्याकडे माणूस पटकन वळून बघतो. "बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं" ही म्हण आपल्या लोकांनी टीव्ही यायच्या कितीतरी आधी केली आहे.

आमच्या साक्री तालुक्यात यात्रेला कुस्त्यांची दंगल असते. तिथे आधीच ठरवून केलेल्या कुस्तीला 'नुरा कुस्ती' म्हणतात आणि ती ओळखू आली की पब्लिक मैदान डोक्यावर घेतं. तिथेच एखादे आबा धोतराचा सोगा सावरत बसलेले असतात. पोरगा चितपट झाला तर ते "हा संपला" असं म्हणत नाहीत. ते म्हणतात, "पाय पुढे राही गया, म्हनीसन पट निंघना." बस्स! एका वाक्यात काय घडलं ते कळलं, का घडलं ते कळलं, आणि पोराला पुढच्या वेळी काय करायचं तेही कळलं. टीका याला म्हणतात. टीव्हीवरच्या बऱ्याचशा चर्चा मला नुरा कुस्तीच वाटतात. कोण कुणाच्या बाजूनं ओरडणार हे आधीच ठरलेलं, फरक एवढाच की इथे पब्लिक ओरडून उठत नाही, बघत बसतं.

आणि मराठीत हे काम चांगलं करणारी माणसं झालेलीच नाहीत असं थोडंच आहे? बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचं समालोचन केलं. रेडिओवर ऐकणाऱ्याला काहीच दिसत नसतं, त्यामुळे चेंडू कुठे पडला, कुठे गेला, कोण धावलं, हे सांगावंच लागतं. आज आपल्याला सगळं दिसतं, दहा कोनांतून दिसतं, आणि नेमकं आजच कुणी काही समजावून सांगत नाही! वि. वि. करमरकरांनी 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये खेळाचं पान उभं केलं, कबड्डी-खोखोला त्यात जागा दिली, आणि संघटनांच्या कारभारावर सडकून लिहिलं. ते २०२३ मध्ये गेले. कडक लिहिणं आणि आरडाओरडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांच्या लिखाणावरून कळतं.

सिनेमावाल्यांच्या बाबतीत तर विचारूच नका. २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत गेला आणि आपल्या वाहिन्यांनी काही महिने अक्षरशः कोर्ट चालवलं. आरोपी ठरवली, पुरावे 'दाखवले', शिक्षाही जवळजवळ दिली. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टानं सांगितलं की तपास चालू असताना अशी मीडिया ट्रायल न्यायाच्या कामात अडथळा आणते. मार्च २०२५ मध्ये सीबीआयनं प्रकरण बंद करण्याचा अहवाल कोर्टात दिला. ज्या मुलीला देशभर रोज रात्री दोषी ठरवलं गेलं, तिची मधली पाच वर्षं कोण परत देणार? नोव्हेंबर २०२५ मध्ये तर कहरच झाला. धर्मेंद्र हयात असताना ११ तारखेला त्यांच्या निधनाची बातमी चालवली गेली आणि घरच्यांना "ते जिवंत आहेत" असा खुलासा करावा लागला! ते गेले २४ तारखेला. इथेही तेच. निकाल आधी, सामना नंतर.

आता कुणी म्हणेल, "अरे, ते मोठे लोक आहेत, त्यांना काय फरक पडतो? सचिन सचिनच राहिला ना?" अगदी बरोबर. सचिन-रोहित सहन करतील. पण या चर्चा जे ऐकतात त्यांचं काय?

नागपूरची दिव्या देशमुख घ्या. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या स्पर्धेत ही १८ वर्षांची पोरगी खेळून आली आणि तिनं जाहीरपणे लिहिलं, की बघणारे लोक माझा डाव बघत नाहीत, माझे कपडे, केस आणि बोलण्याची ढब बघतात. जुलै २०२५ मध्ये तिनं कोनेरू हंपीला हरवून महिलांचा वर्ल्ड कप जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. सांगलीची स्मृती मानधना घ्या. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी पहिल्यांदा वर्ल्ड कप जिंकला. त्या स्पर्धेत भारताकडून सगळ्यात जास्त, ४३४ धावा तिच्या होत्या. पण महिना उलटायच्या आत चर्चा सुरू झाली ती तिच्या लग्नाची. ७ डिसेंबरला तिला स्वतः जाहीर करावं लागलं की लग्न रद्द झालंय आणि आमचा खासगीपणा जपा. त्या दोन आठवड्यांत तिच्या कव्हर ड्राइव्हवर किती मिनिटं खर्च झाली असतील?

आमच्या पिंपळनेरला संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मुली खो-खो खेळतात. त्यांच्या घरीही टीव्ही आहे आणि मोबाईलही आहे. तिथे त्यांची आई काय बघते? दिव्याचे कपडे आणि स्मृतीचं लग्न. मग ती माउली सहज म्हणून जाते, "खेळीसन काय भेटस? टीवीवर तं तिना लगननाच गप्पा चालतस." हे वाक्य गावात मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलंय. त्यात त्या आईचं काही चुकत नाही, तिला जे दाखवलं त्यावरून तिनं अंदाज बांधला. पण अशा एका वाक्यावर एखाद्या मुलीचं मैदान सुटतं. दहावीनंतर तिला बूट मिळत नाहीत. मोठ्या खेळाडूच्या चर्चेची किंमत अशी लहान गावात वसूल होते.

उलट जे दाखवायला हवं ते राहून जातं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही कप भारतानं जिंकले. दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे! त्यावर रात्री नऊची चर्चा किती दिवस चालली? १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ मिळवलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक! 'धोनीसारखाच हाही रेल्वेत टीसी' एवढं मात्र आपल्याला पाठ झालं. पण गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून अशा तीन स्थितींत नेम धरायचा असतो, अंतर ५० मीटर असतं, आणि मधलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं असतं, हे किती जणांनी सांगितलं? इंजिनिअरिंगच्या पोरांना तर यावर रात्रभर गप्पा मारता येतील!

"लोकांना हेच हवं असतं," हे उत्तर मला पटत नाही. मेसमध्ये रोज वांग्याचीच भाजी आली तर आपण वांगंच खातो, म्हणून काय आपल्याला वांगंच हवं असतं?

वाहिन्या सुधारतील तेव्हा सुधारतील. आपल्याला आज करता येण्यासारखं थोडं आहे. कुठलीही चर्चा ऐकताना तीन प्रश्न विचारायचे. हा माणूस घडलेली गोष्ट सांगतोय की नुसता निकाल? एका डावावरून बोलतोय की वीस डावांवरून? आणि उद्या खोटा ठरला तर तो तसं सांगणार आहे का? तिन्हींची उत्तरं 'नाही' आली तर खुशाल उठावं, तेवढ्यात जर्नलची दोन पानं होतात.

आणि एक विनंती, रेक्टर सरांना आणि जिमखान्याच्या सरांना. हॉस्टेलच्या जिन्याजवळचा नोटीस बोर्ड निम्मा रिकामा असतो. तो आम्हाला खेळाच्या भित्तिपत्रकासाठी द्या. नियम दोनच ठेवू. ज्यानं सामना पाहिला त्यानंच लिहायचं, आणि आधी काय घडलं ते लिहायचं, मत शेवटी. पहिला मजकूर या स्पोर्ट्स वीकमधल्या मुलींच्या खो-खोचा असू द्या. कोण किती मिनिटं पळालं, कुठल्या खांबाजवळ गडी टिपला, कुणाचा सूर फसला, सगळं लिहू. सामना ग्राउंडवर चार वाजता आहे. बघायला या!

(तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन; मु. पो. पिंपळनेर, ता. साक्री, जि. धुळे)