खांदेरीचा दिवा

समारंभात कुणाचा गौरव करायचा असला, की वक्त्यांना हमखास दीपस्तंभ आठवतो. आमच्या पिंपरी-चिंचवडला समुद्र नाही. पण सेवानिवृत्तीच्या सभांतून येथे जितके दीपस्तंभ उभे राहतात, तितके सबंध कोकणात नसतील! म्हणून म्हटले, यंदाच्या दिवाळीत एका खऱ्याखुऱ्या दीपस्तंभाची हकीकत सांगावी.

अलिबागजवळच्या थळसमोर, मुंबई बंदराच्या दक्षिणेस, खांदेरी नावाचे बेट आहे. सन १६७९ मध्ये शिवाजीमहाराजांनी तेथे तटबंदीचे काम काढले आणि मायनाक भंडाऱ्यांना धाडले. मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा उठला. बंदरात ये-जा करणारी गलबते आता मराठ्यांच्या नजरेखालून जाणार! इंग्रज आणि सिद्दी दोघेही चालून आले. पण बेट काही हाती लागले नाही. पुढे १७१८ मध्ये गव्हर्नर बून याने कान्होजी आंग्र्यांच्या ताब्यातील खांदेरीवर आरमार नेले. तेही हात हलवीत परतले.

बेट घेता येईना, तेव्हा इंग्रजांनी नावे तेवढी बिघडवली. उंदेरी-खांदेरीचे ‘हेनरी-केनरी’ केले आणि कान्होजींना चाचा ठरवले. का, तर आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपले दस्तक घ्यावे, असा सरखेलांचा आग्रह! पोर्तुगीजही परवाने घ्यायला लावीत. त्यांना मात्र राज्यकर्ते म्हणायचे.

मराठी सत्ता मावळली, बेट इंग्रजांकडे गेले, आणि १८६७ मध्ये त्यांनीच तेथे दीपगृह उभारले. ज्या खडकाची त्यांना धास्ती, त्यावरच त्यांच्या जहाजांसाठी दिवा लागू लागला. हा दिवा आपल्या पणतीसारखा ‘या’ म्हणत नाही बरे का. ‘येथे खडक आहे, लांबून जा’ असे बजावतो. वक्त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे!

स्वातंत्र्यानंतर या दीपगृहाला कान्होजी आंग्रे यांचेच नाव दिले गेले. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा मानलेल्या बारा किल्ल्यांत आपल्या मावळातल्या लोहगडाबरोबर खांदेरीही आहे. चाकणच्या मोटारी घेऊन मुंबईहून दक्षिणेकडे निघालेले जहाज आज ज्या दिव्याला वळसा घालते, तो त्या ‘चाच्या’च्या नावाचा आहे.

तेव्हा वाचकहो, मुलांनी पुस्तकात कुणी चाचा होता असे वाचले, तर ‘असे म्हणाले कोण?’ हा प्रश्न त्यांना जरूर विचारायला शिकवा.